ध्वनियंत्राच्या तारा : तांबे किती, घडणावळ किती?

जयपूर आणि मराठी माणूस यांचे नाते मुख्यतः गाण्याचे आहे. जयपूर संस्थानच्या छायेतील उनियारा या लहानशा गावी १८५५ साली जन्मलेले अल्लादिया खाँ पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास आले, तेथून मुंबईस गेले, आणि त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून महाराष्ट्रात रुजली. खाँसाहेबांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका नाहीत, शिष्यांच्या आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त जयपुरात स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब मानसरोवरातल्या किंवा मालवीयनगरातल्या आपल्या घरी केसरबाईंची तबकडी लावते, तेव्हा ती गायकी एका परीने माहेरी येते. तिच्या या प्रवासाचा शेवटचा टप्पा मात्र अगदी लौकिक असतो. तो म्हणजे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची चार-पाच मीटर तांब्याची तार.

या तारेविषयी बाजारात जेवढा बोलबाला आहे तेवढा खुद्द स्पीकरविषयीही क्वचितच असेल. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातून, किंवा मुलाच्या पहिल्या पगारातून, एखादे कुटुंब हौसेने स्टीरिओ संच घेते. संच पसंत पडला, पैसे मोजून झाले, की तारेचा प्रश्न निघतो. एक तार रिळावरून मीटरने मोजून, कापून मिळते. दुसरी मखमली पेटीत, सोनेरी टोकांसह, एखाद्या अलंकारासारखी ठेवलेली असते. दोहोंच्या किमतींत दहापट, प्रसंगी शंभरपट अंतर असते. विक्रेता हळूच सुचवितो की, स्वस्त तार लावाल तर एवढा मोलाचा संच मातीमोल होईल. ग्राहकाच्या मनात भय शिरते आणि जी रक्कम अधिक चांगल्या स्पीकरवर खर्च व्हावयाची ती तारेत जाते. याच्या उलट टोकाचे लोकही आहेत. ते दारावरच्या घंटीची केसासारखी तार उचलून स्पीकरला जोडतात आणि मग खर्जाचा स्वर दबतो म्हणून स्पीकरला दोष देतात. या दोन टोकांच्या मध्ये शहाणपणाची जागा नेमकी कोठे आहे, हे गणिताने सांगता येते. आणि ते गणित शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहे.

जयपूरच्या जोहरी बाजारात दागिना घेणारी गृहिणी तीन गोष्टी विचारते. वजन किती, कस काय आणि घडणावळ किती? या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे किंमत रास्त आहे की नाही हे तिला कळते. तारेलाही हाच हिशेब लावावयास हवा. आश्चर्य असे की, सोन्याच्या बाबतीत एवढा चोखंदळ असणारा ग्राहक तांब्याच्या बाबतीत वजन विचारीतच नाही.

आधी वजन, म्हणजेच जाडी. ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युत्प्रवाह स्पीकरच्या गुंडाळीतून फिरून परत येतो. वाटेतील तार त्याला थोडा रोध करते. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, अनेक बारीक तंतूंनी बनलेल्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १९.५ ओहमपेक्षा अधिक असू नये, असे प्रमाण ठरलेले आहे. दीड चौरस मिलिमीटरला ही मर्यादा १३.३ ओहम आहे आणि अडीचला ७.९८. प्रवाहाला जाण्याचा व येण्याचा असे दोन मार्ग लागतात, म्हणून हिशेब दुपटीने करावयाचा. दीड चौरस मिलिमीटरची जोडतार पाच मीटर घेतली तर तिचा एकूण रोध भरतो सुमारे ०.१३ ओहम. घरगुती स्पीकरचा नाममात्र रोध बहुधा आठ ओहम असतो, काहींचा चार. आठाच्या जोडीला ०.१३ म्हणजे साठातला एक भाग. त्यामुळे आवाजात पडणारी घट ०.१५ डेसिबेलही नाही. एवढी घट एकट्याने कोणाच्याही कानाला जाणवत नाही.

तथापि येथे एक बारकावा आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज बारीक तारेचा दोष उमगत नाही. स्पीकरवर आठ ओहम असे छापलेले असले तरी तो आकडा सर्व स्वरांना सारखा लागू नसतो. काही स्वरांच्या ठिकाणी त्याचा रोध पाच ओहमपर्यंत उतरतो, तर कोठे तीस ओहमपर्यंत चढतो. तारेचा रोध मात्र तेवढाच राहतो. परिणामी जेथे स्पीकरचा रोध कमी तेथे तार अधिक आवाज खाते, जेथे जास्त तेथे कमी खाते आणि स्वरांचा आपसांतील तोल बिघडतो. पाव चौरस मिलिमीटरची घंटीची तार पाच मीटर लावली तर या चढउताराने स्वरास्वरांत जवळजवळ एक डेसिबेलचा भेद पडतो. तानपुऱ्याची भरदार आस ज्याच्या कानात मुरली आहे त्याला तो भेद कळतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच भेद ०.२ डेसिबेलपर्यंत येतो, अडीचमध्ये ०.१ च्या आसपास. त्यापुढे तार कितीही जाड केली तरी कमी होण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

म्हणून अभियंत्यांनी एक ढोबळ दंडक घातला आहे. जाऊन-येऊन तारेचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ देऊ नये. आठ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम. या हिशेबाने दीड चौरस मिलिमीटरची तार १५ मीटरपर्यंत चालते आणि अडीचची २५ मीटरपर्यंत. स्पीकर चार ओहमचा असेल तर ही अंतरे निम्मी धरावीत. ज्याला अधिक काटेकोर व्हावयाचे असेल त्याने पुन्हा निम्मी करावीत. साध्या दिवाणखान्यात तार चार-सहा मीटरपलीकडे जात नाही, तेव्हा दीडची तार पुरते. जुन्या शहरातील हवेलीत मात्र गोष्ट निराळी. ॲम्प्लिफायर एका खोलीत, स्पीकर चौकाच्या पलीकडच्या ओसरीत, आणि तार भिंतीच्या कडेकडेने फिरवून न्यावयाची म्हटले की बारा-पंधरा मीटर सहज लागते. तेथे अडीचची तार घ्यावी. त्यात जयपूरचा उन्हाळा ध्यानात धरावा. तांब्याचा रोध दर अंश उष्णतेमागे शेकडा ०.३९ ने वाढतो आणि वरचे सगळे आकडे २० अंशांचे आहेत. ज्येष्ठातल्या दुपारी पारा ४५ वर जातो, तेव्हा रोध एक दशांशाने वाढलेला असतो. वाढ मोठी नाही. पण काठावरची तार घेतली असेल तर ती काठाबाहेर जाते.

दुकानात पुष्कळदा चौरस मिलिमीटरची भाषा चालत नाही. तेथे '४०/३६' असे सांगितले जाते. याचा अर्थ ३६ गेजचे ४० तंतू. ३६ गेजच्या एका तंतूचा व्यास सुमारे ०.१९ मिलिमीटर असतो, म्हणून चाळीस तंतूंचा छेद सव्वा चौरस मिलिमीटरच्या किंचित आत येतो. '२३/३६' ची तार याच्या जवळपास निम्मी, आणि '१४/३८' ही घंटीच्या जातीची. एवढी किल्ली हाती असली की कोणत्याही रिळावरचे आकडे वाचता येतात.

आता वजनाचा ताळा पाहू. पाच मीटर लांबीच्या, दीड चौरस मिलिमीटरच्या जोडतारेत तांबे भरते १३५ ग्रॅम. अडीचच्या तारेत सुमारे २२५. दोन स्पीकरांचे मिळून, चांगल्यातली चांगली तार घेतली तरी, अर्ध्या किलोच्या आतच तांबे लागते. त्रिपोलिया बाजारात एवढ्या वजनात पाणी पिण्याचा एखादा तांब्या येईल. त्यावर प्लॅस्टिकचे आवेष्टन, तार ओढण्याची मजुरी, दुकानदाराचा वाजवी नफा, हे सगळे धरूनही किंमत किती व्हावी याचा अंदाज कोणीही बांधू शकेल. तांब्याच्या किमतीच्या तिप्पट-चौपट दिली तर घडणावळ समजावी. तीसपट-चाळीसपट मागितली तर उरलेले मोल पेटीचे आणि नावाचे आहे. ज्याला ते नाव हवे त्याने खुशाल द्यावे. गाण्यासाठी देतो आहोत असे मात्र मानू नये.

दुसरी गोष्ट कसाची. महाग तारांच्या पेट्यांवर 'प्राणवायुविरहित', 'शेकडा ९९.९९ शुद्ध' अशी बिरुदे असतात. ती खोटी असतात असे नाही. पण १९१३ साली तांब्याच्या वाहकतेचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले ते शंभर धरले, तर आज विजेच्या कामाला वापरले जाणारे साधे तांबेही शंभराच्या घरातच असते, आणि प्राणवायुविरहित तांबे फार तर १०१. एका टक्क्याचा फरक! तोच फरक साध्या तारेची लांबी पाच मीटरांवरून पाच सेंटिमीटरने कमी केली तरी भरून निघतो. चांदीची वाहकता १०६ च्या आसपास आहे. सोन्याची मात्र अवघी सत्तरच्या जवळपास, म्हणजे तांब्याहून बरीच कमी. सोन्याचा मुलामा टोकांना देतात तो सोने गंजत नाही म्हणून. वीज अधिक चांगली वाहते म्हणून नव्हे.

तांब्याच्या कसाची चिंता करावयाचीच तर ती निराळ्या कारणासाठी करावी. जयपूरच्या परिसराला तांबे नवे नाही. सीकर जिल्ह्यातील गणेश्वर येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील तांब्याचे बाणाग्र आणि मासे पकडण्याचे गळ सापडले आहेत. झुंझुनू जिल्ह्यातील खेतडीच्या खाणी १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीकडे आहेत. अशा प्रदेशातही आज 'तांब्याची तार' म्हणून जी विकली जाते ती पुष्कळदा तांब्याची नसतेच. ती असते ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा पातळ थर चढविलेली. वाहकतेत ती तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश भरते. म्हणजे दीड चौरस मिलिमीटर म्हणून घेतलेली तार वस्तुतः एकचे काम करते. ती ठिसूळ असते, दोन-चारदा वाकविली की तंतू तुटतात, टोके सैल पडतात, आणि डाख नीट बसत नाही. आवेष्टन जाड ठेवून ती भरदार दिसेल अशीही व्यवस्था केलेली असते. एरवी ॲल्युमिनियमची तार ॲल्युमिनियमची म्हणून, अधिक जाडीची आणि कमी भावाने घेतली तर त्यात काही वावगे नाही. तांब्याच्या भावाने ती घेणे म्हणजे मुलाम्याचा दागिना सोन्याच्या भावाने घेण्यासारखे आहे.

ही फसवणूक ओळखावयास सराफाचा कसोटीचा दगड लागत नाही. तारेचे टोक सोलावे आणि एकच तंतू घेऊन पातीने खरवडावा, किंवा तिरका कापून भिंगाखाली पाहावा. आत लालसर रंग दिसला तर तांबे, पांढुरका दिसला तर ॲल्युमिनियम. येथे एक चकवा आहे. काही चांगल्या तारांना कथिलाची कल्हई असते. त्या वरून रुपेरी आणि आतून लाल असतात, म्हणजे मुलाम्याच्या तारेच्या नेमक्या उलट. कल्हईच्या तारेला नाके मुरडू नयेत. दमट हवेत, विशेषतः कोकणात वा मुंबईस, ती साध्या तारेपेक्षा अधिक टिकते. दुसरी कसोटी वजनाची. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे, तेव्हा एकाच लांबीची दोन वेटोळी दोन हातांत घेतली तरी भेद कळतो. शक्यतो ज्या तारेवर भारतीय मानकाचा क्रमांक, छेद आणि निर्मात्याचे नाव छापलेले असते अशी घरगुती वायरिंगची लवचीक जोडतार घ्यावी. 'आयएस ६९४' हा आकडा असलेली तार स्पीकरसाठी उत्तम चालते आणि तिच्यात किती तांबे आहे याची निदान कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते. उलट, स्पीकरसाठी म्हणून विकली जाणारी बारीक पारदर्शक तार घरातल्या विजेच्या कामाला कधीही वापरू नये. त्यात आगीचा धोका आहे.

स्पीकरच्या तारेचा विचार येथे संपतो. पण संचात आणखी एका जातीच्या तारा असतात आणि त्यांचा धर्म अगदी वेगळा आहे. रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ किंवा तबकडीयंत्र यांच्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी तार फार क्षीण संकेत वाहते. तेथे प्रवाह नगण्य असतो, म्हणून जाडीला महत्त्व नाही. ॲम्प्लिफायरचा प्रवेशरोध बहुधा दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. तारेचा अर्धा ओहम त्यापुढे काय करणार? तेथे भय असते ते बाहेरच्या उपद्रवाचे. घरातील विजेची ५० कंपनांची गुणगुण, पंख्याच्या नियंत्रकाची करकर, मोबाईलची टिकटिक, हे सारे तारेत शिरू पाहते. त्याला अडविण्यासाठी मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी विणलेली असते. ती जाळी दाट असावी आणि दोन्ही टोकांना पिनेच्या बाहेरच्या कड्याशी घट्ट डाखलेली असावी. दुकानात 'शील्ड वायर' म्हणतात ती हीच. तार विकत घेताना पिन किंचित हलवून पाहावी. खरखर होत असेल तर ती परत करावी. गुणगुण थांबत नसेल तर महाग तार आणण्यापूर्वी आहे तीच तार विजेच्या तारांपासून हातभर दूर सरकवून पाहावी आणि दोहोंना एकमेकींना ओलांडावयाचेच असेल तर काटकोनात ओलांडू द्यावे. बहुतेक वेळा दोष तारेचा नसून तिच्या मार्गाचा असतो.

ज्या घरात अद्याप लाँग प्ले तबकड्या वाजतात तेथे मात्र तारेची निवड खरोखरीच कानाला जाणवू शकते. सामान्य चुंबकी सुईपेटीतून निघणारा संकेत पाच सहस्रांश व्होल्टच्या आसपास असतो आणि तिच्यातील गुंडाळीचा तारेच्या विद्युत्-धारितेशी संयोग होतो. एका नेहमीच्या जातीच्या सुईपेटीला २०० पिकोफॅरडची धारिता मिळाली तर हा संयोग सोळा हजार कंपनांच्या जवळपास घडतो, म्हणजे ऐकू येणाऱ्या स्वरांच्या वरच्या काठाशी. लांब आणि वाईट तारेमुळे ती धारिता ५०० वर गेली की हेच दहा हजारांवर उतरते. मग त्या जागी आवाज उगाच टोचरा होतो आणि त्यावरचे नाहीसे होते. म्हणून प्लेअरची तार लांबीला मीटरभरच असावी आणि दर मीटरला शंभर पिकोफॅरडपेक्षा अधिक धारिता नसलेली असावी. ही माहिती सुज्ञ निर्माते छापतात. स्वस्त पण आखूड तार येथे महाग पण लांब तारेवर मात करते, हा या विषयातील एक गमतीचा भाग.

अंकीय तारांची कथा त्याहून सोपी. प्रकाशतंतूची तार तोशिबा कंपनीने १९८३ साली प्रचारात आणली. पुढे दूरदर्शन संचांच्या एचडीएमआय तारा आल्या. त्यांतून शून्य आणि एक यांच्या रांगा जातात. त्या पोहोचल्या तर पूर्ण पोहोचतात. न पोहोचल्या तर आवाज तुटतो, खटखटतो किंवा बंद पडतो. आवाज स्वच्छ येत असेल तर आणखी महाग तारेने तो अधिक गोड होण्याचे कारण नाही.

मग इतके लोक शपथेवर सांगतात ते काय? त्यांना खोटे ठरविण्याची आवश्यकता नाही. त्यांनी जे ऐकले ते खरोखरच ऐकले. पण कानामागे मन असते आणि किंमत मनाला ठाऊक असते. शिवाय दोन तारांपैकी एकीने आवाज पाव डेसिबेल जरी मोठा केला तरी तो मोठा वाटण्याऐवजी चांगला वाटतो. सवाई जयसिंहाला हा मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असावा. पितळेची लहान यंत्रे झिजतात आणि त्यांच्या आकड्यांत भर-घट होते म्हणून त्याने जयपुरात दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. जंतर-मंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून वेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता येते. तेवढ्यावर न थांबता त्याने दिल्ली, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी येथेही वेधशाळा बांधल्या, हेतू हा की एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहावा. ज्या नगरात मोजणीवर एवढा विश्वास ठेवला गेला तेथील श्रोत्याने तारेच्या बाबतीतही पडताळा मागावा.

अशा परीक्षा झालेल्या आहेत. स्पीकरसाठी खास तारा विकण्याचा धंदा तसा जुना नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नोएल ली यांनी अमेरिकेत 'मॉन्स्टर' नावाच्या तारा काढल्या आणि तो जोमात आला. त्यापूर्वी लोक टेबलावरच्या दिव्याची जोडतार बिनदिक्कत वापरीत. १९८३ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' या मासिकाने कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांपासून लपवून परीक्षा घेतली. अगदी बारीक तारेचा भेद काही प्रसंगी ओळखता आला. पण पुरेशी जाड साधी तार आणि नामांकित तार यांच्या आवाजाची पातळी समान केल्यावर त्यांना वेगळे ओळखणे श्रोत्यांना साधले नाही. पुढे २००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने सात हजार डॉलरांहून महाग असलेली तार डोळ्याआड ओळखून दाखविणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले. ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही.

हीच परीक्षा घरी बिनखर्चाने करता येते. दोन तारा घ्याव्यात. एकाने पडद्याआड बसून प्रत्येक खेपेस नाणे उडवावे आणि छाप-काट्याप्रमाणे तार जोडावी. दुसऱ्याने तेच गाणे, तेवढ्याच आवाजात ऐकून चिठ्ठीवर उत्तर लिहावे. अशा दहा खेपा कराव्यात. केवळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात एकाच्या आसपास आहे, तेव्हा नऊ बरोबर आली तर भेद खरा मानावा आणि महाग तार सुखाने घ्यावी. पाच-सहा आली तर पैसे खिशात ठेवावेत. दुकानात ही परीक्षा सहसा करू दिली जात नाही, म्हणून तार परत करण्याची मुभा आधीच विचारून ठेवावी.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या शौकिनाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. केसरबाईंच्या भैरवीतील एक गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून सूर्यमालेपलीकडे रवाना झाले. पण त्या काळच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांत सहा-आठ हजार कंपनांच्या वरचे फारसे काही उतरलेलेच नाही. जे खोबणीत नाही ते कोणत्याही तारेला देता येणार नाही. तो पैसा योग्य मापाची सुई, तबकड्या धुण्याची सामग्री आणि स्पीकर यांवर घालवावा. यांतही स्पीकरवर सर्वांत अधिक, कारण दोन स्पीकरांच्या आवाजातील भेद घरातले लहान मूलही डोळे मिटून सांगते.

तार आणल्यावर काम राहते ते जोडणीचे, आणि आवाज बिघडतो तो बहुधा तेथेच. टोकाचे आवेष्टन एक सेंटिमीटरभर सोलावे, एकही तंतू न तुटेल असे. तंतू पिळून घट्ट करावेत आणि स्क्रूखाली पूर्ण जातील असे बसवावेत. एखादा सुटा तंतू शेजारच्या टोकाला लागला तर ॲम्प्लिफायर जळण्याची भीती असते. जयपुरात वर्षातील बराच काळ हवा कोरडी असल्याने तांबे लवकर काळवंडत नाही. पण वाळूची बारीक पूड प्रत्येक फटीत शिरते आणि श्रावण-भाद्रपदात दमट हवाही येतेच. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा स्क्रू सैल करून काळे पडलेले टोक कापावे, नवे सोलावे. त्यासाठी सुरुवातीलाच तार हातभर जास्त घ्यावी. गच्चीवरून तार नेणे शक्यतो टाळावे; राजस्थानच्या उन्हात साधे प्लॅस्टिक काही वर्षांत तडकते. नेणे भाग असेल तर नळीतून न्यावी. दोन्ही स्पीकरांच्या तारा सारख्या जाडीच्या असाव्यात. लांबी इंच-दोन इंच कमी-अधिक झाली तर काही बिघडत नाही.

शेवटी धन आणि ऋण टोकांची खातरजमा करावी. एका स्पीकरची टोके उलटी जोडली गेली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. मग खर्जाचा आवाज एकमेकांत विरून जातो आणि गायकाचा कंठ मधोमध न ऐकू येता खोलीभर भटकतो. कित्येक घरांत महाग तारेवर फोडलेले खापर वस्तुतः एवढ्याच चुकीचे असते. जोडतारेच्या एका पदरावर रेघ किंवा रंग असतो, त्याला धन धरावे. संशय असेल तर तार ॲम्प्लिफायरच्या बाजूने सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टच्या साध्या सेलचा क्षणभर स्पर्श करावा, सेलचा धन बिंदू धन मानलेल्या पदराला लावून. स्पीकरचा मोठा पडदा 'टप' असा आवाज करून पुढे सरकला तर जोडणी बरोबर आहे. मागे गेला तर त्या स्पीकरच्या मागची दोन टोके अदलाबदल करून पुन्हा स्पर्श करून पाहावा. दुसऱ्या स्पीकरलाही हेच करावे आणि मग दोन्ही तारा ॲम्प्लिफायरला जोडून तबकडी लावावी.